गाडी बिघडली, की अलार्मने अडवली?



आमच्या गटाचा मसाला आठवडी बाजाराला मोटारसायकलवर जातो. चोरीच्या भीतीने आम्ही गाडीला बाहेरून अलार्म बसवून घेतला. एका बाजाराच्या दिवशी पहाटे गाडी सुरूच होईना. किक मारून पाय भरून आले, बाजार बुडाला. कोणी म्हणालं, कॉइल गेली. नवीन कॉइलचे पैसे आम्ही काढणारच होतो. मग कळलं, इंजिन ठणठणीत आहे. अलार्मनेच गाडी अडवली आहे.

असं का होतं? अलार्मच्या डबीत रिले असतो, म्हणजे विजेवर चालणारं बटण. अलार्म लागला की तो इग्निशनची वायर तोडतो. स्पार्क प्लगला ठिणगीच मिळत नाही. मग किक मारा, नाहीतर ढकला, गाडी सुरू होत नाही.

म्हणून खर्चाआधी क्रमाने पाहायचं. पहिलं, पेट्रोल आणि हँडलवरचं लाल बटण. दुसरं, रिमोट. त्याचा दिवा मंद लागत असेल तर सेल बदला. जुन्यावरचा नंबर बघूनच नवा घ्या. तिसरं, गाडीची बॅटरी. स्टार्टर दाबल्यावर नुसतं टक-टक होतं, हॉर्न घोगरा वाजतो? मग बॅटरी उतरली आहे. गाडी उभी असली तरी अलार्म थोडी वीज खातच असतो. बॅटरी उतरली की अलार्म रिमोटलाही नीट दाद देत नाही. पण स्टार्टर जोरात फिरतो आणि तरी इंजिन पेट घेत नाही, तर अलार्मवर संशय घ्या.

चौथं, फ्यूज. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तिथे साधी तार गुंडाळू नका, वायरिंग जळू शकतं.

एवढं करूनही गाडी अडली, तर मेकॅनिककडून अलार्म काढून इग्निशनची वायर पुन्हा जोडून घ्या. नुसती डबी काढून भागेलच असं नाही, कारण बसवताना ती वायर कापून डबीतून फिरवलेली असू शकते. नुसत्या पिळून टेप लावलेल्या वायरी हादऱ्याने सुटतात. जोड सोल्डर करून मागा.

आता अलार्मची कोणती वायर कुठे जोडली, ते आम्ही गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय. रिमोटचा जादा सेल पैशांच्या पेटीतच असतो. तुम्हीही अलार्म बसवताना शेजारी उभ्या राहा आणि विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत, बाजार बुडाला की पडतात.