काळ्या लेपाखाली दडलेला गंज

जुनी गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक बॉनेट उघडतं, सीटवर बसून पाहतं, हॉर्न वाजवतं, टेप चालतो का विचारतं. बरोबर मुरलेला मेस्त्री असेल तर तो आधी मागच्या चाकापाशी उकिडवा बसतो आणि मडगार्डच्या काठावरून आतल्या बाजूने बोट फिरवतो. बोटाला सुकी माती लागली तर ठीक. गंजाचे पापुद्रे लागले तर किंमत पाडून मागता येते. पण तिथे नुकताच मारलेला गुळगुळीत, काळाभोर लेप लागला, की तो सगळ्यात जास्त सावध होतो. विकायच्या आदल्या आठवड्यात चाकाच्या वरची पोकळी काळी करून कोणी काय झाकलंय, हे त्याला शोधायचं असतं.

गाडीच्या पत्र्याचे सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. चाक फिरतं तसा खडी, वाळू आणि चिखलाचा मारा सतत वरच्या पत्र्यावर बसतो. नव्या गाड्यांत आत प्लास्टिकचं लायनर असतं. जुन्या अनेक गाड्यांत हा पत्रा उघडाच. खडीने रंगाचा टवका उडाला, की तिथून सुरुवात.

खरी दुखरी जागा मात्र काठावर असते. मागच्या चाकाच्या कमानीवर बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा एकमेकांना भिडवून, कडेने दुमडून, ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. दोन टाक्यांच्या मध्ये केसभर फट राहते. पाणी त्या फटीत आपोआप ओढलं जातं आणि सहजासहजी बाहेर येत नाही. शिवाय दुमडलेल्या कडेवर चिखलाचा थर साचतो. वरून तो खडखडीत वाळलेला दिसतो, पण स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर पत्र्याला चिकटलेला भाग ओला निघतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फटीत फुगत जातो, दोन पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो आणि शेवटी बाहेरच्या रंगाला फुगा येतो. मालकाला गंज दिसतो तो त्या दिवशी; आत तो कितीतरी आधीपासून चाललेला असतो.

समुद्रकाठी या सगळ्याला मिठाची जोड मिळते. मीठ पाण्याची विद्युतवाहकता वाढवतं आणि गंजाची प्रक्रिया वेगाने चालते, एवढंच नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधं मीठ हवेतलंच पाणी शोषून ओलं होतं. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे महिने या रेषेच्या वरच असतात. म्हणजे गाडी चार दिवस शेडमध्ये कोरडी उभी असली, तरी कमानीत चिकटलेलं मीठ पत्र्याला ओलंच ठेवतं. किनाऱ्याची खारी हवा, रस्त्यावर मासळीच्या टेम्पोतून ठिबकणारं पाणी आणि कोकणातली तांबडी माती एकाच जागी जमतात.

जुन्या गाड्या याला जास्त बळी पडतात, त्यालाही कारण आहे. प्रीमियर पद्मिनी हे नाव १९७४ चं. पण ही गाडी मुळात इटलीच्या फियाट ११०० मालिकेतली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याची बॉडीच वाहते. त्यामुळे चाकावरची कमान नुसती शोभेची नाही, गाडीच्या सांगाड्याचाच तो भाग आहे. बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात प्रायमर चढवण्याची कॅथोडिक पद्धत मोटार उद्योगात आली ती १९७६ च्या सुमारास. जस्त चढवलेल्या पत्र्याची बॉडी पोर्शने आपल्या ९११ ला दिली, तीही त्याच सुमारास. त्याआधी रेखाटलेल्या गाड्यांची भिस्त मुख्यतः वरून फवारलेल्या रंगावर.

गंजाने नामांकित कंपनीचीही अब्रू घालवली आहे. फियाटच्याच मालकीच्या लॅन्सियाची बीटा ही गाडी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये वादात सापडली. इंजिनखालची सबफ्रेम जिथे बॉडीला जोडलेली होती, तिथलाच पत्रा सडत होता. कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि ब्रिटनमधलं तिचं नाव पुन्हा कधी पूर्वीसारखं झालं नाही.

आपल्याकडे गॅरेजमध्ये यावर दोन झटपट उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. एक डांबरी लेप, दुसरा जळकं काळं तेल. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर डांबरी लेप काही काळ चांगलं काम करतो. मात्र तो वयानुसार कडक होतो, तडकतो, आणि तडकलेल्या जागेतून आत गेलेलं पाणी लेपाखाली पसरतं. गंजावर थेट मारला तर पहिल्या दिवसापासूनच ओल आत कोंडली जाते. जळक्या तेलाने पाणी हटतं हे खरं, पण त्यात इंजिनाच्या ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूचे कण असतात. सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगतात, तेल ब्रेकवर उडालं तर गाडी थांबत नाही, आणि उरलेलं रस्त्यावर ठिबकून पावसाच्या पाण्यात मिसळतं.

नीट काम करायचं तर त्याचा मोठा हिस्सा सफाईचा, रंगाचा थोडाच. मुहूर्तही महत्त्वाचा. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगकाम करू नये, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस वर असावं, हा औद्योगिक रंगकामातला सर्वमान्य दंडक. म्हणून हे काम थंडी सरल्यापासून पावसाआधीपर्यंत, दिवस तापल्यावर करायचं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली डोकं घालायचं नाही, स्टँड लावायचेच. चाक काढल्यावर ब्रेक पिशवीने झाकायचे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे तिथली धूळ फुंकरीने किंवा कंप्रेसरने उडवायची नाही.

मग दाबाच्या पाण्याने धुणं, दुमडीतली माती खरवडणं, पूर्ण सुकवणं. जुना लेप सुटत असेल तिथे तो काढायचाच. सगळ्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं: घट्ट पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. वायर ब्रश आणि जाड पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं. खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टर. त्यातलं फॉस्फरिक आम्ल गंजाचं लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं, टॅनिक आम्ल असेल तर पृष्ठभाग काळानिळा होतो. हे औषध पातळ गंजावरच चालतं, पापुद्र्यांवर फासून उपयोग नाही. आम्लाचा अंश मागे राहिला तर वरचा इपॉक्सी नीट वाळत नाही, म्हणून डब्यावरच्या सूचनेप्रमाणे ते धुऊन, सुकवून पुढे जायचं.

प्रायमर त्याच दिवशी, कारण उघडं लोखंड दमट हवेत रातोरात तांबूस होतं. स्वस्तातला रेड ऑक्साइड एकटा पाण्याला फार काळ थोपवत नाही. हार्डनर मिसळायचा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो आणि ओल बरीच अडवतो. त्याचे दोन हात झाले, की पत्र्यांच्या सांध्यांवर सीम सीलर, मग खडीचा मार सोसणारा रबरी थर. शेवटी बंद पोकळ्यांत नळीने पातळ मेण. मेण मऊ राहतं, रांगत फटीत जातं आणि ओरखडा पडला तरी पुन्हा मिटतं. या सगळ्यात पाणी निचऱ्याची भोकं बुजली, तर केलेल्या कामाने उलटा अपायच होतो.

रंगाच्या आवाक्याबाहेरच्या जागाही असतात. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० सारख्या गाडीत पुढच्या सस्पेन्शनचा स्ट्रट वर जिथे बोल्टने बसतो, तो टॉवर चाकाच्या पोकळीतच असतो. तिथला पत्रा ठोकल्यावर बद्द वाजला किंवा आरपार गेला, तर फायबर आणि पुटी भरून वर काळा लेप मारणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. सडका भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणं हाच इलाज. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची असेल, तर त्याआधीच हे काम उरकलेलं बरं.

त्यानंतरचा व्याप वर्षातून दोनदाच. पावसाळ्याच्या तोंडावर मेणाचा एक हात. दिवाळीच्या सुमारास चारही कमानी आतून गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात सुकवून, बॅटरीच्या उजेडात तपासायच्या. टवके दिसले तर घासून ब्रशनेच इपॉक्सी लावता येतो. हार्डनर मिसळल्यावर तो काही तासच वापरता येतो, म्हणून चारही चाकांची डागडुजी एकाच बैठकीत करायची.