व्यवसाय उपयोजन विकास मंचांचे क्लाउडवरील स्थलांतर

व्यवसाय उपयोजन विकास मंचांचे क्लाउडवरील स्थलांतर म्हणजे संस्थेची व्यावसायिक संगणकीय उपयोजने आणि ती घडवण्यासाठी, तपासण्यासाठी व चालवण्यासाठी लागणारी साधने संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून दूरस्थ, सामाईक आणि मागणीनुसार मिळणाऱ्या संगणकीय व्यवस्थेवर नेण्याची प्रक्रिया होय. हिशेब, कर्ज, साठा, खरेदी-विक्री, वेतन इत्यादी कामांच्या आज्ञावलींना व्यवसाय उपयोजने म्हणतात. अशी उपयोजने तयार करण्यासाठी लागणारी प्रोग्रॅमिंगची चौकट, डेटाबेस, चाचणीची साधने व चालू ठेवणारी यंत्रणा यांच्या एकत्रित संचाला विकास मंच असे म्हणतात. अशा स्थलांतराचे भारतातील एक मोठे उदाहरण म्हणजे प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांचे संगणकीकरण. गोंदिया जिल्ह्यासारख्या धान उत्पादक भागात त्याचा संबंध पीककर्जाशी आणि धान खरेदीशी येतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक संस्था आपली उपयोजने स्वतःच्या इमारतीतील सर्व्हरवर चालवीत. यंत्रांची खरेदी, वातानुकूलन, वीज, डेटाच्या प्रती काढून ठेवणे आणि सुरक्षा ही सर्व जबाबदारी संस्थेचीच असे. नवीन उपयोजन हवे असल्यास आधी यंत्रे मागवावी लागत. ती बसेपर्यंत विकासकांचे काम अडून राही.

२००६ साली ॲमेझॉनने साठवण व संगणन क्षमता इंटरनेटवरून भाड्याने देण्यास प्रारंभ केला. त्यानंतर केवळ यंत्रेच नव्हे, तर संपूर्ण विकास मंचही सेवा म्हणून उपलब्ध होऊ लागले. हेरोकू हा मंच २००७ मध्ये स्थापन झाला, तर गुगल ॲप इंजिन एप्रिल २००८ मध्ये आले. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८ मध्ये घोषित केलेला ॲझ्युर हा मंच फेब्रुवारी २०१० पासून व्यावसायिक वापरासाठी खुला झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउड संगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. तीत मागणीनुसार स्वयंसेवा, जाळ्यावरून व्यापक उपलब्धता, संसाधनांचा सामाईक साठा, जलद लवचीकता आणि मोजून दिली जाणारी सेवा ही पाच लक्षणे सांगितली आहेत.

सेवांचे प्रकार

वरील व्याख्येनुसार क्लाउड सेवांचे तीन प्रकार मानले जातात.

* पायाभूत सुविधा सेवा: ग्राहकास आभासी यंत्रे, साठवण व जाळे मिळते. कार्यप्रणाली, डेटाबेस आणि उपयोजन यांची देखभाल ग्राहकाने करावयाची असते.
* मंच सेवा: कार्यप्रणाली, डेटाबेस व उपयोजन चालवणारी यंत्रणा पुरवठादार सांभाळतो. ग्राहक फक्त आपली आज्ञावली आणि डेटा आणतो.
* आज्ञावली सेवा: तयार उपयोजन ब्राउझरमधून वापरावयास मिळते. ग्राहकाने फक्त माहिती भरावयाची व मांडणीत आवश्यक ते बदल करावयाचे असतात.

विकास मंचाचे स्थलांतर प्रामुख्याने मंच सेवेशी निगडित आहे. प्रत्यक्षात मात्र एकाच संस्थेत तिन्ही प्रकार एकत्र आढळतात. मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत उपयोजन याचे उदाहरण आहे. फ्रॅपे फ्रेमवर्क या विकास चौकटीवर ते उभारलेले आहे. संस्थेला ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते किंवा फ्रॅपे क्लाउड या सेवेवर चालवता येते. दोन्ही ठिकाणी मूळ आज्ञावली तीच असल्यामुळे क्लाउडवर गेलेल्या संस्थेस परतीचा मार्ग खुला राहतो.

स्थलांतराच्या पद्धती

स्थलांतरापूर्वी प्रत्येक उपयोजनाची छाननी करून त्याच्यासाठी योग्य पद्धत निवडली जाते. प्रचलित पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

* जसेच्या तसे हलवणे: आज्ञावलीत बदल न करता ती क्लाउडवरील आभासी यंत्रावर ठेवणे. हा मार्ग जलद असला, तरी क्लाउडच्या लवचीकतेचा लाभ त्यात अल्प मिळतो.
* मंच बदलणे: आज्ञावलीचा गाभा तसाच ठेवून डेटाबेससारखे घटक पुरवठादाराकडील व्यवस्थापित सेवेवर नेणे.
* पुनर्रचना करणे: उपयोजन स्वतंत्रपणे चालू शकणाऱ्या लहान सेवांमध्ये विभागून नव्याने लिहिणे. ही पद्धत सर्वांत खर्चिक असते.
* पर्याय स्वीकारणे: जुने उपयोजन सोडून तयार आज्ञावली सेवा घेणे.
* निवृत्त करणे: वापरात नसलेले उपयोजन बंद करणे.
* जागेवर ठेवणे: कायदेशीर वा तांत्रिक कारणास्तव उपयोजन तूर्त न हलवणे.

मोठी उपयोजने एका रात्रीत बदलणे धोक्याचे असते. त्यामुळे जुन्या प्रणालीभोवती नवी प्रणाली हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत वापरली जाते. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये तिला दुसऱ्या झाडाला वेढून वाढणाऱ्या वडवर्गीय वृक्षाची उपमा दिली. एकेक काम नव्या प्रणालीकडे वळवले जाते आणि जुन्या प्रणालीकडे काहीच उरले नाही की ती बंद केली जाते.

आज्ञावलीत करावे लागणारे बदल

स्वतःच्या सर्व्हरसाठी लिहिलेली आज्ञावली अनेक गोष्टी गृहीत धरते. फाइल एका ठरावीक डिस्कवर असेल, वापरकर्त्याची सत्रमाहिती त्याच यंत्राच्या स्मृतीत राहील, यंत्राचा पत्ता बदलणार नाही, अशी ही गृहीतके असतात. क्लाउडवर कोणतेही यंत्र केव्हाही बंद होऊन त्याच्या जागी दुसरे येऊ शकते. म्हणून टिकवून ठेवावयाची माहिती डेटाबेसमध्ये किंवा स्वतंत्र साठवण सेवेत ठेवावी लागते. परवलीचे शब्द व मांडणीचे तपशील आज्ञावलीपासून वेगळे काढावे लागतात. विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांसाठीची वातावरणे शक्य तितकी सारखी ठेवावी लागतात. हेरोकू मंचाच्या अनुभवातून २०११ च्या सुमारास मांडलेल्या बारा तत्त्वांमध्ये अशा नियमांचा समावेश आहे.

अनेक संस्था एकच उपयोजन वापरत असल्यास त्याची रचना बहुग्राहक असावी लागते. आज्ञावली एकच असते. परंतु एका संस्थेचा डेटा दुसरीला दिसणार नाही, याची काळजी प्रत्येक व्यवहारात घ्यावी लागते.

भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल

भारत सरकारने २०१३ मध्ये मेघराज या शासकीय क्लाउड उपक्रमाचे धोरण प्रसिद्ध केले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. खासगी पुरवठादारांपैकी मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपले क्लाउड विभाग सुरू केले. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये, तर गुगलचा मुंबई विभाग नोव्हेंबर २०१७ मध्ये कार्यान्वित झाला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

डेटा केंद्र देशात असल्याने दोन गोष्टी साधतात. डेटा देशाबाहेर जात नाही आणि प्रतिसादही लवकर मिळतो. गोंदिया ते मुंबई हे अंतर रेल्वेमार्गाने सुमारे १,००० किमी आहे. प्रकाशतंतूतून एवढ्या अंतराची फेरी पूर्ण होण्यास सुमारे १० मिलिसेकंद पुरतात. परदेशातील केंद्रापर्यंतच्या फेरीला याच्या कित्येक पट वेळ लागतो. अर्थात, गावापासून तालुक्यापर्यंतची जोडणी क्षीण असल्यास या लाभाला फारसा अर्थ उरत नाही.

प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था आणि गोंदिया जिल्हा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. धान हे जिल्ह्याचे मुख्य पीक असून भात गिरण्या हा येथील प्रमुख उद्योग आहे. गावपातळीवर शेतकऱ्यांना पीककर्ज देण्याचे काम विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था करतात. या संस्थांच्या वर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि तिच्या वर राज्य सहकारी बँक अशी त्रिस्तरीय रचना आहे. अनेक सहकारी संस्था महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्या वतीने आधारभूत किमतीने धान खरेदीची केंद्रेही चालवतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यापैकी १,५२८ कोटी रुपये केंद्राचा वाटा होता. पुढे संस्थांची संख्या वाढवण्यात आली. महाराष्ट्रातील सुमारे १२,००० संस्थांचा या प्रकल्पात समावेश आहे. अंमलबजावणीची जबाबदारी नाबार्डकडे आहे. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र सर्व्हर न देता सर्वांसाठी एकच क्लाउड आधारित राष्ट्रीय आज्ञावली ठेवण्यात आली असून ती प्रादेशिक भाषांत वापरता येते. त्यापूर्वी बऱ्याच संस्थांचे व्यवहार हस्तलिखित खतावण्यांत नोंदवले जात, तर संगणकीकरण झालेल्या संस्थांत निरनिराळ्या आज्ञावली वापरात होत्या.

या स्थलांतरातील सर्वांत नाजूक भाग जुन्या नोंदींचा असतो. प्रथम एक तारीख निश्चित केली जाते. त्या तारखेची प्रत्येक सभासदाची भागभांडवल, कर्ज व व्याजाची शिल्लक नव्या प्रणालीत भरली जाते. नंतर तेरीज पत्रक जुन्या खतावणीशी जुळवून पाहिले जाते. ताळमेळ बसल्यावरच दैनंदिन व्यवहार नव्या प्रणालीवर सुरू होतात. कामाचा शेवट दररोज प्रणालीतच करणे आणि लेखापरीक्षणही तेथेच होणे, हे पुढील टप्पे होत.

या कामात झालेल्या चुकीचा परिणाम थेट सभासदावर होतो. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ पीककर्जाची मुदतीत परतफेड करणाऱ्यांनाच मिळतो. परतफेडीची तारीख किंवा शिल्लक चुकीची भरली गेल्यास नियमित कर्जदार थकबाकीदार दिसू शकतो. मग खरिपाच्या तोंडावर नवीन कर्जही अडते. म्हणून गटसचिवाने केलेली नोंद सभासदाच्या पासबुकाशी ताडून पाहणे हा तांत्रिक स्थलांतराचाच भाग मानला जातो.

धान खरेदीतून लवचीकतेचे महत्त्व स्पष्ट होते. शेतकऱ्याची ऑनलाइन नोंदणी, सातबारा, आधार व बँक खाते यांची पडताळणी, केंद्रावरील वजन, गोदामातील साठा, भरडाईसाठी गिरणीला दिलेले धान आणि चुकारा अशी ही साखळी असते. साध्या भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ गिरणीने जमा करावयाचा असल्याने प्रत्येक टप्प्यावरील आकडा पुढच्याशी जुळणे आवश्यक असते. हे काम वर्षभर समान नसते. खरिपाची आवक दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळी धानाची आवक मे महिन्याच्या आसपास होते. नोंदणीच्या अखेरच्या दिवसांत वापरकर्त्यांची गर्दी होते. स्वतःच्या सर्व्हरवर त्या काही दिवसांसाठी लागणारी क्षमता वर्षभर सांभाळावी लागते. क्लाउडवर ती हंगामापुरती वाढवून नंतर कमी करता येते. मात्र उपयोजनाची रचना त्यास अनुकूल नसेल, तर यंत्रे वाढवूनही प्रणाली मंदच राहते.

फायदे

प्रारंभीची मोठी भांडवली गुंतवणूक टळते आणि खर्च वापरानुसार होतो. विकासकांना चाचणीसाठीचे वातावरण काही मिनिटांत उभे करता येते. नियमातील बदल, उदाहरणार्थ व्याजदरातील सुधारणा, एकाच ठिकाणी करून सर्व संस्थांना लागू करता येतो. गावातील संगणक बिघडला, जळाला अथवा चोरीस गेला, तरी नोंदी सुरक्षित राहतात.

मर्यादा व टीका

जोडणीवरील अवलंबित्व ही पहिली मर्यादा आहे. वीज किंवा इंटरनेट खंडित झाल्यास केंद्रावरील काम थांबते. जोडणी नसताना स्थानिक नोंद घेऊन नंतर ती मुख्य प्रणालीशी जुळवण्याची सोय उपयोजनात असल्यास ही अडचण कमी होते. अशा वेळी एकच नोंद दोनदा जाणार नाही, याची व्यवस्था करावी लागते.

दुसरी मर्यादा पुरवठादारावरील अवलंबित्वाची आहे. मंचाच्या खास सुविधा जितक्या अधिक वापराव्यात, तितके त्यातून बाहेर पडणे कठीण होते. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेला पार्स हा विकास मंच बंद करण्याचे जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले आणि वर्षभराने तो बंद झाला. त्यावर आधारलेली उपयोजने विकासकांना अन्यत्र हलवावी लागली. करारात डेटा सर्वमान्य स्वरूपात परत मिळण्याची अट घालणे हा त्यावरील प्रमुख उपाय आहे.

तिसरा धोका केंद्रीकरणाचा आहे. सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांना सामाईक बँकिंग तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रणालीवर जुलै २०२४ च्या अखेरीस खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ३१ जुलै रोजी तिला देयक जाळ्यापासून तात्पुरते वेगळे केले. परिणामी सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत करण्यात आली. सामाईक मंचामुळे लहान संस्थांना परवडणारी सेवा मिळते, परंतु एका ठिकाणचा बिघाडही सामाईक होतो, हे या घटनेतून दिसून आले.

खर्चाचा अंदाज चुकणे हीदेखील नेहमीची अडचण आहे. न वापरलेली यंत्रे चालू राहिल्यास किंवा डेटा मोठ्या प्रमाणावर बाहेर नेल्यास देयक वाढते.

कायदेशीर बाबी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक डेटा दुसऱ्या कंपनीमार्फत हाताळला जात असला, तरी त्याचे उत्तरदायित्व मूळ संस्थेकडेच राहते. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले असून त्यांत क्लाउड सेवांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. संगणकीय काम बाहेर दिले तरी संस्थेची जबाबदारी बाहेर देता येत नाही, हे या निर्देशांचे मूळ सूत्र आहे.

हे सुद्धा पहा

* क्लाउड संगणन
* प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था
* नाबार्ड
* गोंदिया जिल्हा