बंगलोरच्या संस्थेतील दोघी

संशोधनाच्या क्षेत्रात स्त्रियांना कोणता दुजाभाव सोसावा लागला, हा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा प्रवेशद्वारापाशीच घोटाळते. आणि प्रवेशद्वाराची कथा म्हणजे कमला सोहोनींची, हे मराठी वाचकास पाठच झाले आहे. दुर्गाबाई भागवतांची ही भगिनी 1933 मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज घेऊन गेली, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नामंजूर केला, आणि तिने हट्ट सोडला नाही तेव्हा पहिले वर्ष उमेदवारीचे ठरवून, पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ न देण्याच्या अटीवर प्रवेश दिला. पुढे 1939 मध्ये तिने केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. (त्या केंब्रिजनेही स्त्रियांना पदवीचे पूर्ण हक्क बहाल केले ते 1948 साली!)

माझे मन मात्र त्याच आवारातील, आपल्याकडे कमी परिचित अशा ॲना मणी यांच्याकडे ओढ घेते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजची बी.एस्सी. ऑनर्स पदवी घेऊन 1940 मध्ये त्या शिष्यवृत्तीवर रामन यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या आणि हिरे व माणके यांच्या प्रकाशदीप्तीचा अभ्यास करू लागल्या. काही हिऱ्यांची दीप्ती इतकी मंद, की तिचा वर्णपट छायाचित्रणाच्या काचेवर उमटावा म्हणून पंधरा-पंधरा, वीस-वीस तास वाट पाहावी लागे, आणि स्फटिक द्रवरूप हवेच्या तापमानात राखावा लागे. तेव्हा रात्रीच्या रात्री प्रयोगशाळेतच सरत. अशा परिश्रमातून त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले, आणि 1945 मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे रवाना केला. एम.एस्सी. नसल्याचे कारण दाखवून विद्यापीठाने पदवी नाकारली.

हा नियम कागदावर पुरुषासही लागू होता, हे मान्य. परंतु रामन यांच्या प्रयोगशाळेत स्त्री-पुरुषांनी एकत्र वावरू नये असा कडक दंडक होता, आणि पुरुष सहकाऱ्यांत रंगणाऱ्या शास्त्रीय वादविवादांत मणींना शिरकाव नव्हता. संशोधनाचे शिक्षण जितके उपकरणांपाशी होते, तितकेच अशा वादविवादांत होते, असे माझे मत आहे. शिवाय नियमांच्या आडकाठीतून मार्ग काढण्यास जी रदबदली लागते, तिची ओळखही तेथेच होते. स्त्रियांना प्रयोगशाळेत घेणारे आणि त्यांना वेगळे ठेवणारे गृहस्थ एकच होते, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

त्यानंतर मणी इंग्लंडला जाऊन हवामानविषयक उपकरणांचे तंत्र शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात दाखल झाल्या. पुणेकरांनी अभिमान बाळगावा असा हा अध्याय आहे, पण त्याच खात्याच्या शिमला ऑफिसच्या चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांस तो ठाऊक असेल, याची मला शंका आहे. 1953 पर्यंत त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली 121 पुरुष काम करीत होते.

आजची हकीकत थोडक्यात सांगायची तर, 2021-22 मध्ये देशात पीएच.डी.साठी नोंदलेल्या विद्यार्थिनींची संख्या सुमारे 99 हजार, म्हणजे एकूण संख्येच्या निम्म्याच्या आसपास होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत त्यांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा आणि वाढीव मुदत आहे. नियमांनी एवढे साधले. उरलेले मार्गदर्शकांच्या हाती आहे, म्हणून त्यांना विनंती की निबंधावरील चर्चा संध्याकाळच्या चहापाशी रंगते, तेव्हा आपल्या विद्यार्थिनींनाही आवर्जून बोलवावे.

ॲना मणी 1976 मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. तो प्रबंध मात्र रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेला आहे.