नाव झाकलं, माणूस झाकला का?

डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना आपण विश्वासानं काय काय सांगतो! घरातली भांडणं, लहानपणची भीती, कुणालाही न सांगितलेली एखादी आठवण. सांगितलेलं त्या खोलीबाहेर जाणार नाही, याची आपल्याला खात्री असते. पण कधी कधी ते बाहेर जातं, आणि तेही चांगल्या हेतूनं. उपचार करणारा माणूस त्यावर शोधनिबंध लिहितो आणि तो एखाद्या जर्नलकडे, म्हणजे त्या विषयाच्या नियतकालिकाकडे पाठवतो. असा निबंध पाठवण्याआधी काय तयारी करायची असते, आणि त्या तयारीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं, हे आज पाहू.

मनोविश्लेषण ही उपचारपद्धती व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी रुजवली. रुग्णानं मनात येईल ते मोकळेपणानं बोलायचं, स्वप्नं सांगायची, आणि त्यातून मनाच्या तळाशी दडलेलं हळूहळू उलगडत न्यायचं. हे काम महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. आपल्या देशात ही विद्या लवकर पोचली. कोलकात्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. १९४७ साली या संस्थेचं ‘समीक्षा’ हे नियतकालिक सुरू झालं. त्याआधी, १९२० सालीच, ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सायकोअ‍ॅनालिसिस’ सुरू झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचे निबंध तर सगळ्याच विषयांवर निघतात, मग इथं वेगळं काय? वेगळं असं, की मधुमेहावरच्या निबंधात शेकडो रुग्णांचे आकडे असतात. आकड्यांत माणूस लपून जातो. मनोविश्लेषणाच्या निबंधात मात्र बहुधा एकाच माणसाची हकीकत असते. त्याचं बोलणं, त्याचं घर, त्याचं स्वप्न हाच पुरावा. पुरावा काढून टाकला तर निबंध उरत नाही, आणि तसाच ठेवला तर माणूस उघडा पडतो.

‘नाव बदललं की झालं’ असं अनेकांना वाटतं. एक परीक्षा करून पाहू. मी नाव सांगत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं एक संस्थानी गाव. तिथल्या एका कीर्तनकारांचा मुलगा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्यानं त्याच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी अधू झाल्यावर त्याला मिरजेला गाणं शिकायला पाठवलं. एव्हाना कुरुंदवाडच्या कुठल्याही शाळकरी मुलानं उत्तर दिलं असेल : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर! १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे. त्यांचं नाव, त्यांचं विद्यालय यांतलं काहीच मी आधी सांगितलं नव्हतं. चार तपशील पुरले.

पलुस्कर मोठे होते, म्हणून ओळखू आले, असं कुणी म्हणेल. पण छोट्या गावात प्रत्येक माणूस आपल्या गल्लीपुरता प्रसिद्धच असतो. ‘शिरोळ तालुक्यातली, दोन बहिणींतली धाकटी, वडील गवळी, नवरा साखर कारखान्यात’ एवढं लिहिलं, की मुंबईच्या वाचकाला काही कळणार नाही. पण तिच्या चुलत सासूबाईंना पुढचं वाचावंही लागणार नाही.

खुद्द फ्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही हा पेच सुटला नव्हता. त्यांचे ज्येष्ठ मित्र योसेफ ब्रॉयर यांनी एका तरुणीवर १८८० ते १८८२ या काळात उपचार केले. १८९५ साली दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं, त्यात तिचं नाव ‘अ‍ॅना ओ.’ असं ठेवलं. तिचं खरं नाव बर्था पापेनहाइम. बी आणि पी या आद्याक्षरांच्या मागची इंग्रजी अक्षरं घ्या, ए आणि ओ येतात. पुढे या बाई जर्मनीत स्त्रियांच्या चळवळीतल्या नामवंत कार्यकर्त्या झाल्या. १९३६ साली त्या वारल्या. आणि १९५३ साली अर्नेस्ट जोन्स यांनी फ्रॉइड-चरित्रात अ‍ॅना ओ. म्हणजे कोण, हे जाहीर करून टाकलं. आयुष्यभराचं काम एकीकडे राहिलं आणि तरुणपणीचं आजारपण जगभर झालं.

‘डोरा’ नावानं प्रसिद्ध झालेली हकीकत फ्रॉइड यांनी १९०१ साली लिहिली, पण छापली १९०५ साली. मुलीचं आयुष्य कुठं घडलं, तर व्हिएन्नात नव्हे, दूरच्या एका लहान गावात. म्हणून व्हिएन्नात तिला कोणी ओळखणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो त्या काळी ठीक होता. आज लंडनच्या जर्नलमधला निबंध कुरुंदवाडच्या एस. टी. स्टँडवर बसून मोबाईलवर शोधता येतो. दूरचं गाव आता दूर राहिलेलं नाही.

मग सगळंच बदलून टाकावं का? इथं दुसरा धोका आहे. १८९५ च्याच पुस्तकात डोंगरावरच्या एका खानावळवाल्या बाईंच्या घरातल्या काथारिना या मुलीची हकीकत आहे. तिला त्रास देणारा माणूस तिचा काका, असं फ्रॉइड यांनी लिहिलं होतं. १९२४ साली त्यांनी तळटीप जोडून कबूल केलं, की तो काका नव्हता, बापच होता. आणि पुढं असंही म्हटलं, की असा बदल करायला नको होता. डोंगराचं नाव बदलणं वेगळं आणि नातं बदलणं वेगळं.

निबंध तयार करणाऱ्यानं ही एक तळटीप कायम डोळ्यांसमोर ठेवावी. कल्पना करा, २०१९ च्या महापुरात घर गेलेल्या एका बाईंना दर श्रावणात झोप येईनाशी होते. त्यांचं वय दोन-तीन वर्षांनी बदललं, कुरुंदवाडऐवजी कृष्णाकाठचं दुसरं गाव घातलं, चार भावंडांची तीन केली, तर चालेल. पण महापुराऐवजी आग लावली, तर पावसाच्या आवाजाचा आणि त्या जागरणाचा संबंधच तुटेल. हकीकत खोटी होईल, आणि ती वाचून दुसरा डॉक्टर दुसऱ्या रुग्णावर चुकीचा उपचार करील. म्हणून प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारायचा : हा काढला तर दुखणं समजायला अडचण येते का? येत नसेल, तर काढा किंवा बदला. येत असेल, तर ठेवा, पण मग रुग्णाला विचारा.

ग्लेन गॅबर्ड या अमेरिकी मनोविश्लेषकांनी २००० साली याच विषयावर लिहिलेला निबंध आजही आधाराला घेतला जातो. दाट वेशांतर, रुग्णाची संमती, अनेक रुग्णांच्या हकिकती मिळून एक हकीकत करणं, किंवा दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावानं लिहिणं, असे मार्ग त्यांनी मांडले. त्यातला एकही पूर्ण निर्दोष नाही. संमतीचंच पाहा. ज्यांच्यापुढं आपण रडलो, त्या डॉक्टरांनी ‘लिहू का?’ विचारलं, तर ‘नको’ म्हणायला किती जणांची जीभ रेटेल? म्हणून संमती घाईनं घेऊ नये, मजकूर वाचायला द्यावा, विचार करायला वेळ द्यावा, आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावं. ओळख पटेल अशा रीतीनं रुग्णाची हकीकत परवानगीशिवाय छापू नये, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

एवढं झालं की बाकीची तयारी कष्टाची असली तरी सरळ आहे. ज्या जर्नलला निबंध पाठवायचा, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचाव्यात. शब्दमर्यादा, सारांश, संदर्भ लिहिण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी असते. तज्ज्ञांना लेखकाचं नाव न कळता निबंध तपासला जातो, तिथं नाव-पत्त्याचं पान वेगळं द्यावं लागतं. मजकुरात ‘मी माझ्या अमुक लेखात म्हटल्याप्रमाणे’ असं राहू देऊ नये. संगणकाच्या फाईलमध्येही लेखकाचं नाव आपोआप साठवलेलं असतं, तेही पुसावं. फाईलला रुग्णाचं नाव देऊन ठेवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. एकाच वेळी दोन जर्नलना निबंध पाठवू नये. दुरुस्त्यांसाठी परत आला, तर तो नकार समजू नये. बहुतेक चांगले निबंध असेच परत येऊन सुधारतात.

भाषेचंही एक पथ्य आहे. रुग्ण मराठीत बोलतो आणि निबंध इंग्रजीत जातो. ‘जीव टांगणीला लागलाय’ आणि ‘जीव गुदमरतोय’ या दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द वापरला, तर दोन वेगळी दुखणी एक होऊन जातात. म्हणून मूळ मराठी शब्द रोमन लिपीत द्यावेत आणि पुढं अर्थ समजावून सांगावा. परदेशी संपादकाला ते अडचणीचं न वाटता मोलाचं वाटतं. मात्र एखाद्याची लकब फारच खास असेल, तर तिच्यावरूनही माणूस ओळखू येतो, हे विसरू नये.

अशा निबंधाचे वाचक तीन. पहिला अनोळखी, त्याच्यासाठी नाव बदलणं पुरतं. दुसरा ओळखीचा, शेजारी किंवा नातेवाईक; त्याच्यासाठी तपशील बदलावे लागतात. तिसरा वाचक म्हणजे ज्याची हकीकत आहे तो स्वतः. कितीही झाकलं तरी तो स्वतःला ओळखणारच. निबंध टपालात टाकण्यापूर्वी, किंवा आजच्या भाषेत संगणकाचं बटण दाबण्यापूर्वी, लिहिणाऱ्यानं शेवटचं वाचन या तिसऱ्या वाचकाच्या नजरेनं करावं. ‘हट्टी’, ‘भांडखोर’, ‘नाटकी’ असे शब्द तेव्हा आपोआप खटकतात आणि गळून पडतात. निबंध त्यामुळे दुबळा होत नाही, उलट नेमका होतो.

आणि आपण रुग्ण म्हणून त्या खोलीत बसलेले असू, तर आपल्यालाही विचारता येतं : ‘माझ्याबद्दल कुठं लिहिणार आहात का? लिहिलंत तर मला दाखवाल का?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला डॉक्टर त्याचं उत्तर आनंदानं देईल.