फुग्यांमधल्या वाळूचा माग

नोव्हेंबर 1944पासून जपानने अमेरिकेच्या दिशेने बॉम्ब टांगलेले कागदी फुगे सोडायला सुरुवात केली. सुमारे 10 मीटर व्यासाचे, हायड्रोजनने भरलेले हे फुगे उंचावरच्या वेगवान वाऱ्याबरोबर पॅसिफिक महासागर ओलांडत. रात्रीच्या थंडीत वायू आकसला की फुगा खाली उतरू लागे. मग हवेचा दाब ओळखणारे यंत्र वाळूच्या पिशव्या सोडून देई आणि हलका झालेला फुगा पुन्हा वर चढे.

अमेरिकेत सापडलेल्या काही फुग्यांसोबत अशा पिशव्या शिल्लक होत्या. त्यांतली वाळू कुठली, हे शोधायचे काम अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लष्करी विभागाकडे आले.

वाळूत काय नाही, हे आधी पाहिले गेले. मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. त्या वाळूत प्रवाळाचा कण नव्हता. जपानच्या दक्षिणेकडच्या उबदार किनाऱ्यांवर प्रवाळ वाढते, म्हणून तो सगळा पट्टा बाद झाला. ग्रॅनाइट झिजून झालेले कणही नव्हते. तसे किनारेही गळले. जे होते ते क्लॅरेन्स रॉस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले: हायपर्स्थीन, ऑगाइट अशी ज्वालामुखी खडकांतून येणारी खनिजे.

पुढचा माग जीवांनी दिला. केनेथ लोहमन यांनी वाळूतले डायाटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवाले, तपासली. काही आजच्या समुद्रातली होती, तर काही लाखो वर्षांपूर्वीची जीवाश्मे. ज्युलिया गार्डनर यांनी शिंपल्यांचे तुकडे पाहिले. फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचेही सापडली. टोकियोच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवरून जपानी संशोधकांनी त्यांचे वर्णन युद्धाआधीच छापले होते. ते निबंध आणि जपानचे जुने भूवैज्ञानिक नकाशे ताडून पाहिल्यावर दोन जागा उरल्या: सेंदाईजवळचे शिओगामा आणि टोकियोच्या पूर्वेचे इचिनोमिया.

इचिनोमियाचा अंदाज अचूक ठरला. फुगे सोडण्याची इतर दोन ठिकाणे, ओत्सु आणि नाकोसो, याच दोन जागांमधल्या किनाऱ्यावर होती. बी-29 विमानांच्या हल्ल्यांत हायड्रोजनच्या कारखान्यांचे मोठे नुकसान झाले आणि एप्रिल 1945मध्ये मोहीम थांबली. आधीच येऊन पडलेल्या एका फुग्याच्या स्फोटात 5 मे रोजी ऑरेगनमधल्या ब्लायजवळ एक गर्भवती स्त्री आणि पाच मुले मरण पावली.

या शोधाचे श्रेय अमेरिकेतल्या चमूला मिळते आणि ते योग्यच आहे. मात्र शांततेच्या काळात आपल्या किनाऱ्यांची बारकाईने नोंद करणाऱ्या जपानी अभ्यासकांशिवाय तो लागला नसता.