हाक आणि हत्यार

नवी मुंबईत करावे गावच्या खाडीकाठी ‘चाणक्य’ ही व्यापारी जहाजांसाठी अधिकारी घडवणारी संस्था १९९३ पासून आहे. १९२७ च्या ‘डफरिन’ आणि १९७२ च्या ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजांचा वारसा तिच्याकडे आला. बोटीवर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला फ्लेअर, म्हणजे संकटात मदतीची हाक देणारा पेटता इशारा, पेटवायला शिकावं लागतं: वारा वाहतो त्या बाजूला, हात कठड्याबाहेर.

१८७७ मध्ये अमेरिकी नौदलातले एडवर्ड व्हेरी यांनी रंगीत तारे उडवणारं पिस्तूल बनवलं. रात्रीच्या समुद्रात जहाजांनी एकमेकांशी बोलावं, एवढंच त्याचं काम. पुढे १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ने आठ अग्निबाण उडवले. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’वरून ते दिसले, पण त्यांचा अर्थ कुणी लावला नाही. त्या दुर्घटनेतून सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे ‘सोलास’, जन्मला.

आपल्याकडची जखम १७ जुलै १९४७ ची. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई इतकी जवळ, तरी तिला खबर मिळायला कित्येक तास लागले. हाक पोहोचली नाही की काय होतं, हे या किनाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

पडद्यावर मात्र ही हाक हत्यार झाली. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये जेम्स बाँड व्हेरी पिस्तुलाने पाण्यावर पसरलेलं इंधन पेटवतो आणि पाठलाग करणाऱ्या बोटी आगीत सापडतात. नंतर तर या साधनाची ओळखच पुसली गेली. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या अंतराळपटातल्या बोबा फेट या पात्राची बंदूक वेब्ली अँड स्कॉट कंपनीच्या जुन्या सिग्नल बंदुकीवर बेतलेली. नळीवर पट्ट्या बसवल्या, वर दुर्बीण चढवली, की झालं दूरच्या आकाशगंगेतलं शस्त्र! जाड नळी आणि रुंद तोंड यांमुळे ती खऱ्या बंदुकीहून अनोळखी, म्हणून अधिक भीतिदायक दिसते. कलाकारांच्या कल्पकतेला दाद द्यायलाच हवी.

तो चित्रपट अमेरिकेत २१ मे १९८० ला झळकला. चारच दिवसांनी, २५ मे रोजी, ‘सोलास’ कराराची १९७४ ची आवृत्ती अमलात आली. एका आठवड्यात एकाच वस्तूच्या दोन वाटा. पहिली जगभर गाजली. दुसरीने गाजावाजा न करता जीव वाचवले.

त्याच दुसऱ्या वाटेने न्हावा-शेवा बंदरात १९८९ पासून मोठी जहाजं येत आहेत. करारानुसार अशा जहाजाच्या ब्रिजवर किमान बारा पॅराशूट फ्लेअर असतात. प्रत्येक ३०० मीटर उंच जातो आणि ४० सेकंद लाल जळत, सावकाश खाली येतो. त्या चाळीस सेकंदांत कुणीतरी वर पाहावं, एवढीच त्याची मागणी. चित्रपटात ती जाड नळी रोखलेली दिसली, तर तिचं तोंड मुळात आभाळाकडे असायचं, हे आठवावं.