परक्या दारात

गोंदियाकडच्या खेड्यांत मी कर्जवसुलीला हिंडत असे. दाराआडून ठरलेलं उत्तर येई, ‘मालक घरी नाहीत.’ मॉर्मन पंथाची पोरं मिसरूड फुटण्याच्या वयात दोन वर्षं घर सोडतात, धर्मप्रचारासाठी जोडीदारासह परक्या गावात दारोदार फिरतात. पगार नाही, खर्च बहुधा घरचाच.

त्यांचा पूर्वसूरी ह्यू फिंडले १८५२ साली मुंबईत उतरला, पुण्यातही आला. लष्करी छावणीत त्याला मज्जाव झाला. मूठभर माणसं हाती लागली आणि काही वर्षांतच सारं आटोपलं.

त्यांचं धर्ममत मला पटत नाही. पण नकार पचवूनही माझा पगार एक तारखेला होई. पुढचं दार हसतमुखानं ठोठावणं मात्र मला कधीच जमलं नाही.